नाही म्हणणारी मांजर

आमच्या मेहकरात मांजर कुणी मारत नाही. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, हे प्रत्येकाच्या कानावर लहानपणापासून असतं, आणि सोनं कुणाच्या घरी पडलं आहे? म्हणून नको झालेली मांजर पोत्यात घालायची, तोंडाला सुतळी आवळायची आणि पैनगंगेच्या पलीकडे नेऊन सोडायची. येताना नदीत पाय धुतले की झालं. पाप नाही आणि मांजरही नाही. पुढे तिला कुत्र्यांनी फाडलं, ती उपाशी मेली, तर तिचं ती जाणे.

याच्यावर मी पत्रक काढलं होतं. दारूबंदीची आणि खादीची पत्रकं लिहून हात बसला होता, त्यामुळे मजकुराची अडचण नव्हती. अडचण कागदाची होती. लढाई चालू होती, कोरा कागद मिळेना. शेवटी जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूवर छापलं. ‘मारणं पाप आणि मरायला सोडणं पुण्य, हे कोणतं शास्त्र?’ असं डोक्यावर मोठ्या टायपात. लोकांनी त्यात फुटाणे बांधले. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, त्या दिवसापासून मांजरवाली मास्तरीण झाले. शाळेच्या वाटेवर पोट्टे माझ्यामागे म्याँव म्याँव करत यायचे. त्यांचे बाप ओट्यावर बसून हसायचे. हसणाऱ्या बापांपैकी कितीजण पोतं घेऊन नदीपार गेले होते, ते मला तोंडपाठ होतं.

नुसतं पत्रक काढून गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे. लोक धडधाकट मांजर टाकत नाहीत, अधू झालेली टाकतात, म्हणून मी अधूच उचलायला लागले. कापसाच्या जिनातल्या पट्ट्यात पाय गेलेली एक होती, ती धान्याच्या एका दुकानात लागली. तीन पायांवर पोत्यांच्या थप्पीवर चढायची. एकीचे डोळे पिलूपणीच चिकटून गेले होते, ती एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेली. बैलाच्या बंडीखाली कंबर मोडलेला एक बोका होता. त्याचं पोट दाबून लघवी करवावी लागे. तो कुणी घेतला नाही, तो आमच्याच घरी राहिला आणि आमच्याच घरी मेला. आई कपाळावर हात मारून म्हणायची, “आधी मले तुले तरी उजवू दे व, मंग उजवत बस मांजरी!”

पण मी लिहायला बसले आहे ती या मांजरींसाठी नाही. एका मांजरीसाठी आणि एका बाईसाठी बसले आहे. बाई माझ्याच वयाची होती. तिला कुत्रं चावलं होतं, आणि तिला सुया टोचायला मोठ्या दवाखान्यात न्यायचं की नाही, हे त्या मांजरीला विचारण्यात आलं. मांजर आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी बशी ठेवते, ती बशीकडे बघून मान हलवते, आणि मी भिंतीकडे बघते.

ती पिलू असताना जिनाच्या आवारात सरकीच्या ढिगाआड सापडली. चालताना पुढचे पाय एका दिशेला, मागचे दुसऱ्या. चार पावलं टाकली की आडवी. दारूबंदीवाल्या बाईच्या घरी दारुडी मांजर आली, अशी गल्लीभर मस्करी झाली. अंग टाकून पडली असली की ती अगदी शांत असे. पण कशावर नजर धरली, कशाला तोंड लावायला गेली, की मान डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलायला लागायची. अगदी माणूस ‘नाही, नाही’ म्हणतो तशी. ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला जमिनीवर चालवून पाहिलं. म्हणाले, आईच्या पोटातच मेंदूचा तोल सांभाळणारा भाग कच्चा राहून गेला. दुखत नाही, वाढत नाही आणि बरंही होणार नाही. जड बशी द्या, ती भिंतीला टेकवून ठेवा, आणि विहिरीजवळ फिरकू देऊ नका.

हे सगळं मी तिला मागायला आलेल्या बुढीला जसंच्या तसं सांगितलं. बुढी म्हणजे आमच्याकडे भाजी टाकणारी विधवा. नदीच्या अंगाला तिचा मळा होता. वांगी, मेथी, लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर. मळ्यात तिचा मुलगा, सून आणि ती, एवढीच माणसं.

“देऊन दे मले ते, मास्तरीनबाई. उंदरानं लसणाचा नास करून टाकला.”

“मावशी, हे उंदीर धरत नाही. हिले बशीपर्यंत तोंड नेता येत नाही नीट.”

“न धरो. उंदराले काय ठाऊक? वास आला का पयतीन.”

बाकी लोक अधू मांजर बघून तोंड फिरवायचे. ही बाई हसून टोपलं पुढे करत होती. मी दिली. पुढच्या रविवारी बघायला गेले, तर तिच्या मुलानं विहिरीच्या काठाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, नुसतं त्या मांजरीसाठी. शिकल्यासवरल्या घरांत मला एवढं कुणी केलेलं दिसलं नव्हतं. मी खूश होऊन घरी आले.

मांजरीचं नाव सुनेनं ठेवलं, नाहीबाई. सून भारी तोंडाळ होती. हात वांग्याच्या झाडात आणि जीभ बाजारभर. मी गेले की बांधावरूनच ओरडायची, “या ताई, नाहीबाईनं तुमची आठवण काढली. इचारलं, ताईचं लगन यंदा होते का? तर नाही म्हणे!” एकदा सासू समोर बसलेली असताना तिनं दुधाची बशी मांजरीपुढे ठेवली आणि विचारलं, “नाहीबाई, माही सासू गरीब हाय का व?” आमच्याकडे गरीब म्हणजे स्वभावानं साधी. दुधावर नजर धरून मांजरीनं जी मान हलवली, की नवरासुद्धा मोट थांबवून हसायला लागला. बुढीनं किडकं वांगं फेकून मारलं. “हाव, आन् तू लय गरीब!”

अशी सुरुवात झाली. थट्टेत झाली, हे लिहून ठेवायला पाहिजे, कारण पुढे ते कुणी आठवत नाही.

मळ्याशेजारच्या एकानं थट्टेतच विचारलं की बाजारातला तो खिल्लारी गोऱ्हा घेऊ का? मांजर नाही म्हणाली. त्यानं नाही घेतला. ज्यानं घेतला त्याच्या गोठ्यात तो गोऱ्हा महिन्याभरात पाय झाडून मेला. झालं. आमच्याकडे मारुतीच्या अंगावर फूल चिकटवून कौल मागायची रीत आहे, पण फूल कधी पडतं, कधी पडत नाही, तासभर उभं राहावं लागतं. ही तर ताबडतोब सांगत होती. लोक येऊ लागले. कुणी वाटीभर दूध आणायचं, कुणी साय. वाटी खाली ठेवायची, हात जोडायचे, विचारायचं. मांजर दुधावर नजर लावायची आणि मान हलायची. ती हो कधीच म्हणत नव्हती, तरी कुणाला शंका आली नाही. मी विचारते, जो देव फक्त नाही म्हणतो तोच आपल्याला खरा का वाटतो?

मी मळ्यात उभी राहून भाषण केलं. मेंदू, तोल, डॉक्टर, सगळं सांगितलं. आजार झालेल्या जनावराला देव करणं म्हणजे त्याच्या आजारावर हसणंच आहे, असं म्हणाले. लोकांनी ऐकून घेतलं आणि वाटी पुढे सरकवली.

“तुहं काय जाऊन राह्यलं व?” बुढी म्हणाली. “दूध तिच्याच पोटात जाते ना? तूच तर म्हणत होती, खाऊ घाला म्हणून.”

मांजर गुबगुबीत झाली होती, तेवढं खरं होतं.

कुत्रं आलं ते दसरा होऊन थंडी पडायला लागली तेव्हा. सून वांगी तोडत होती. नंतर मला तिनं सांगितलं, “मले वाटलं आपलंच कुत्रं हाय. म्या हाड बी म्हटलं नाही.” त्यानं तिचं मनगट धरलं, सोडलं, बाभळीखाली बांधलेल्या वासराच्या पायाला तोंड घातलं आणि नदीकडे निघून गेलं. जीभ बाहेर, शेपूट पायात. पुढे ते कुणाला दिसलं नाही. पिसाळलेलं होतं की नाही, सांगायला कुत्रंच उरलं नाही.

मला कळलं तेव्हा तिच्या मनगटावर तिखट आणि हळद भरून फडकं बांधून झालं होतं. सासूनं तिला सात विहिरींत डोकावून आणलं होतं. कुत्रं चावलं की सात विहिरींत वाकून बघायचं, म्हणजे विष पाण्यात उतरतं, अशी समजूत आहे. ती बिचारी एका हातानं दुसरा हात धरून अर्धं शिवार फिरली होती आणि प्रत्येक काठावर वाकली होती.

“सातवीत काय दिसलं माहीत हाय का ताई?” ती मला म्हणाली. “माहंच तोंड. लय भेसूर.”

तेव्हाही ती हसत होती.

मी बुढीला म्हणाले, उद्याच्या मोटारीनं हिला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. पोटात चौदा सुया टोचतात, औषध सरकारी आहे, मी सोबत येते. उशीर केला तर या रोगाला जगात औषध नाही. मी चावून चावून सांगितलं, पत्रकात छापतात तसं. बुढी ऐकत होती. मुलगा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“बे, तू काही बोलशील का?” बुढी त्याला म्हणाली.

“माय म्हणन तसं.”

बुढी आत गेली. बाहेर आली ती हातात दुधाची बशी घेऊन. तिनं बशी ओट्यावर ठेवली, मांजरीला उचलून समोर बसवलं आणि हात जोडले. “नाहीबाई, सुनेले दवाखान्यात नेऊ का व?”

मान हलली. डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे. मिशांना दूध लागलं तरी हलत होती.

मी ओरडले. ती दुधाला हलते, मावशी, दुधाला! तिच्यापुढे मीठ ठेवा, दगड ठेवा, बघायला लागली की हलेल! बांधावर शेजारची चारदोन माणसं जमली होती. एकजण म्हणाला, “मास्तरीनबाई, तुमचीच तर मांजर. तुमचंही ऐकत नाही म्हणजे पाहा.” दुसरे हसले.

सून बाजेवर बसली होती. तिचं हसू गेलं होतं. ती हळूच म्हणाली, “ताई, मले जायचं हाय.” आणि लगेच सासूकडे बघून मान खाली घातली.

त्या दिवसापासून काय काय केलं ते सांगत बसत नाही. रोज शाळा सुटली की मळ्यात. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाला, “मायले दुखवून नेऊ कशी बाई? आन् हिचं काही झालं तर माय मले उभा कापीन.” मी म्हणाले, मी नेते. तर, “लोक काय म्हणतीन.” लोक! लोक तर बांधावर बसून तिच्या मनगटाची जखम भरताना बघत होते. जखम भरली. खपली पडली. ती पुन्हा वांगी तोडायला लागली, पुन्हा बडबडायला लागली. आणि गावात म्हणायला लागले, पाहा, नाहीबाईनं सांगितलं होतं ना, काही होत नाही. मांजरीपुढच्या वाट्या वाढल्या. या रोगात माणूस महिनोन्‌महिने धडधाकट फिरतं, हे मी वाचलेलं होतं, आणि त्या धडधाकटपणाकडे बघून मला धडकी भरत होती. ती हसली की मला भीती वाटायची. ती पाणी प्यायला बसली की मी तिच्या गळ्याकडे बघत राहायची.

महिना होत आला तेव्हा वासरू बिघडलं. ते कुटाराला तोंड लावीना, लाळ गाळायला लागलं, भिंतीला डोकं मारायला लागलं, घोगरं हंबरायला लागलं. संध्याकाळच्या आत मेलं. मी पोचले तेव्हा ते पुरत होते. कुत्रं कसं होतं, ते आता वासरानं सांगितलं होतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सूनच उठली. आत जाऊन बशी घेऊन आली. तिनं बशी सासूच्या पायाशी ठेवली, मांजरीला समोर आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “नाहीबाई, मी घरीच राहू का?”

मान हलली.

“घरीच मरू का?”

मान हलतच होती. हात मातीनं भरलेली माणसं बघत होती. ती सासूकडे वळली. “नाही म्हणते, सासूबाई.”

बुढीनं तिच्याकडे बघितलं. मग मुलाला म्हणाली, “मोटार कवा निघते, पाह्य.”

एवढे दिवस भाषणं करून मला जे जमलं नाही ते तिनं दोन प्रश्नांत केलं. आणि खरं सांगते, मला त्याचा रागही आला. तिनं त्या मांजरीला खोटं पाडलं नाही, तिचाच शब्द आपल्या बाजूला वळवून घेतला. पण ती मोटारीत बसत होती, आणि मला तेवढं पुरे होतं. मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की माणसं उतरून ढकलायची. तीही उतरली म्हणे, आणि ढकलली. परत आली ती संक्रांतीच्या आधी. “पोटाची चायनी झाली ताई,” म्हणाली, म्हणजे चाळणी. मी तिला तिळगूळ दिला. सासूनं तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली.

होळीच्या सुमाराला तिच्या मनगटाला मुंग्या येऊ लागल्या. जिथं कुत्र्यानं धरलं होतं तिथंच.

यापुढचं मी थोडक्यात लिहिते. मळ्यात पाट असतो. मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, आणि पाणी पाटानं वाफ्यांमध्ये पळतं. त्या घरात दिवसभर पाण्याचाच आवाज. मी गेले तेव्हा ती बाजेवर उठून बसली होती, कानांवर हात दाबून, आणि किंचाळत होती की मोट बंद करा. नवरा बैल सोडायला धावला. मोट थांबली तरी पाटातलं पाणी थोडा वेळ वाहत राहतं. तेवढा वेळ ती भिंतीला चिकटून होती. मग थोडी शांत झाली, मला ओळखलं.

“ताई, पाणी पाह्यलं का गळा धरते. लाज वाटते मले. माळ्याची सून पाण्याले भेऊन राह्यली.”

ओठ फुटले होते. मी फडकं ओलं करून पुढे नेलं, तर फडक्याचा ओलेपणा बघूनच तिची मान मागे फेकली गेली. सासू पायथ्याशी बसून होती. कुणी मांजरीला काही विचारलं नाही. मांजर बाजेखाली निजली होती, मान शांत.

दोन दिवसांनी ती गेली.

गावानं काय म्हटलं? गावानं म्हटलं, नाहीबाईनं पहिल्यांदाच सांगितलं होतं, नेऊ नका. दुसऱ्यांदा विचारून पोरीनं तिला फसवलं. फसवलं म्हणून मेली. हे मला भर बाजारात, वांग्यांच्या ढिगापुढे, एका शहाण्यानं समजावून सांगितलं. मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. सुया महिना उशिरा टोचल्या, हे सांगायला मी दारोदार फिरले. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, “पण बाई, सुया टोचूनच तर मेली ना?”

आणि नवरा, ज्यानं मांजरीसाठी विहिरीला काटे लावले होते, तो आता पोतं शोधत होता म्हणून कळलं.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुढी आमच्या दारात आली. डोक्यावर टोपलं, टोपल्यावर ओलं फडकं. मला वाटलं भाजी. तिनं टोपलं उतरवलं, फडकं काढलं. आत मांजर.

“ठेवून घे हिले. पोरगा मारून टाकीन.”

मी घेतली. पण मला राहवलं नाही. इतक्या दिवसांचं साचलं होतं. आई आतून डोळ्यांनी मला गप्प बस म्हणत होती, तरी मी म्हणाले, “मावशी, अजून तरी पटलं का? हे काही सांगत नाही. हे दुखणं आहे. कशाकडेही पाह्यलं का मान हलते.”

“मले ठाऊक हाय,” बुढी म्हणाली.

“आता ठाऊक झालं?”

“आता काऊन? पयल्या दिवसापासून. तूच तर सांगून गेली होती. आन् रोज दूध कोण पाजत होतं? मीच ना? मले दिसत नसन का, ते कवा हालते न् कवा नाही?”

मला आधी ऐकू आलं ते समजलंच नाही. मी म्हणाले, “मग बशी काऊन आणली होती तुम्ही?”

ती उंबऱ्याशी टेकली. पदरानं मान पुसली. भरल्या बाजारात भाव सांगते तशा साध्या आवाजात सांगायला लागली.

“माहा माणूस त्याच दवाखान्यात गेला होता. आपल्या पायानं चालत गेला, मोटारीत चढताना मले म्हणे, येताना तुले बांगड्या आणतो. बंडीत निजून आला. तोंडावर कापड. सून म्हणे जातो. तूही म्हणे ने. पोरगा माह्या तोंडाकडे पाहे. आता सुनेले ‘तू जाऊ नको, मले भेव वाटते’ असं कसं म्हणू? सासू हाय मी. लोक म्हणतीन बुढी भेकड हाय, खर्चाले भेते, सुनेचा जीव घेते. माहं तोंड उचललं नाही. म्हणून मांजरीचं उचललं.”

आई आतून बाहेर येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे अज्ञानावर बोलायला पुष्कळ होतं. रूढीवर होतं, बुवाबाजीवर होतं. या बाईजवळ यातलं काहीच नव्हतं. तिला सगळं माहीत होतं आणि ती घाबरली होती, एवढंच.

“एक सांग,” ती म्हणाली. “तू लिवलेली-वाचलेली हाय. खोटं बोलत नाही, तोंडावर सांगते, म्हणून तुलेच इचारते. पयल्याच दिवशी नेली असती, तर वाचली असती का?”

आई घाईनं म्हणाली, “अवं, नशिबात असते ते—”

“तिले सांगू दे.”

मी त्या आजाराबद्दल जे काही मिळेल ते वाचलं होतं. पहिल्याच दिवशी सुया टोचल्या तर माणसं बहुतेक वाचतात, हे मीच त्या ओट्यावर उभी राहून ओरडून सांगितलं होतं. तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मांजर माझ्या कुशीत होती, गरम, आणि अगदी स्थिर.

“हाव,” मी म्हणाले. “बहुतेक वाचली असती.”

तिनं मान डोलवली. “मलेही तसंच वाटे,” म्हणाली. मग हात टेकून उठली. “बरं झालं. गावातलं कोणी म्हणन, मांजरीनं मारली. कोणी म्हणन, सुयांनी मारली. घरी पोरगा काही बोलतच नाही. कोणीतरी म्हणायले पाह्यजे होतं.”

आईनं तिला चहा घेऊन जा म्हटलं. ती नाही म्हणाली. फडकं झटकून त्याची घडी केली, ती टोपल्यात टाकली, टोपलं डोक्यावर ठेवलं आणि निघाली. मी दारात उभी होते. कोपऱ्यावर आमच्या शेजारीणबाई ओटा सारवत होत्या, त्यांनी रिकामं टोपलं पाहून हाक मारली.

“काय आणलं होतं व आज, बुढे? आम्हाले न दाखवताच चालली?”

“सांबार होता,” ती म्हणाली. “सरला.”